हॉल जुना नाही, अर्धवट नवा आहे

प्रश्न: ताई, आम्ही जानेवारीत डोंबिवली पूर्वेला रीसेलमध्ये टू बीएचके घेतला. इमारत १९८८ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यावरचं. बाकी घर चालवून घेण्यासारखं आहे, पण हॉलमध्ये पाऊल टाकलं की जीव दडपतो. दहा बाय सतरा फुटांचा हॉल. एक अख्खी भिंत तपकिरी सनमायकाच्या शोकेसने भरलेली, मध्ये टीव्हीचा खण, बाजूला काचेचे कप्पे. समोरच्या भिंतीवर नारिंगी टेक्स्चर, त्यावर सोनेरी रेघा. छताला दोन पायऱ्यांचं पीओपी आणि कडेने निळे दिवे. खाली मोझॅकची फरशी, पिवळी पडलेली, डागाळलेली. खिडकी जुनी लोखंडी, ग्रिलवाली. टोकाची बाल्कनी आधीच्या मालकांनी हॉलमध्ये घेतलेली आहे. खिडकीखाली भिंतीला पोपडे आलेत. ठेकेदाराने सात लाखांचं कोटेशन दिलंय: फरशीवर दोन बाय चारच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, नवीन फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे चारकोल लूव्हर्स (उभ्या पट्ट्यांची पॅनेल्स), पोपड्यांच्या भिंतीला पॅनेलिंग, स्लायडिंग खिडकी, एल आकाराचा सोफा. आमच्याकडे हॉलसाठी तीन लाख आहेत. नवऱ्याला हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत पाडून ओपन किचन हवंय. सासूबाई म्हणतात, कशालाही हात लावू नका, फक्त माझा गावचा झोपाळा टांगा. भाड्याचं घर मेअखेर सोडायचंय. सुरुवात कुठून करू?
– नवी मालकीण, डोंबिवली

उत्तर: सुरुवात काढण्यापासून करा, लावण्यापासून नको.

तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. तुम्हाला जे जुनाट वाटतंय त्याची यादी पुन्हा वाचा: सनमायकाचं शोकेस, नारिंगी टेक्स्चर, पीओपीच्या पायऱ्या, निळे दिवे. यातलं काहीही १९८८ चं नाही. हे सगळं बरंच नंतर, २००० सालानंतर कधीतरी, आधीच्या मालकांनी हौसेने करून घेतलेलं दिसतंय. तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. मूळ घर म्हणजे मोझॅकची फरशी, पूर्ण उघडणारी लोखंडी खिडकी, बऱ्यापैकी उंच छत आणि दहा फुटांची मोकळी रुंदी. ते घर अजून जागेवर आहे, फक्त दिसत नाही. आणि ठेकेदार काय सुचवतोय? त्या थरावर आणखी एक थर. चारकोल लूव्हर्स आज ज्याच्या त्याच्या टीव्हीमागे दिसतात. आणखी आठ-दहा वर्षांनी त्यांच्याकडे बघून कोणीतरी मला तुमच्यासारखंच पत्र लिहील.

पण हातोडा उचलण्याआधी एक चौकशी करून घ्या. तुमची इमारत पस्तिशी ओलांडलेली आहे. डोंबिवलीत अशा इमारतींच्या जिन्यात हल्ली भेट झाली की लोक पहिल्यांदा पुनर्विकासाचंच बोलतात. सेक्रेटरींना थेट विचारा: पुनर्विकासाचा विषय सभेत आलाय का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ठराव झाला म्हणजे उद्या घर रिकामं करायचं असं नाही. अहवाल, निविदा, परवानग्या यांतच वर्षं जातात. पण ठराव झालेला असेल तर फरशीत आणि भिंतीत पैसे गाडू नका. जे उचलून दुसऱ्या घरी नेता येईल, त्यातच घाला. सात लाखांतले सहा लाख जिथे सिमेंटने चिकटवले जाणार, तिथे हा प्रश्न ठेकेदाराने तुम्हाला विचारायला हवा होता. तो विचारणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे.

त्याच भेटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालेलंच नसेल, तर तीही एक माहितीच आहे. आणि शेअर सर्टिफिकेट अजून तुमच्या नावावर चढलं नसेल तर तो अर्ज आजच द्या. सभासद झाल्याशिवाय ही विचारपूस कोणी मनावर घेत नाही.

आता कामाकडे.

पहिलं उतरवायचं ते पीओपी. त्याने छत तर खाली आलंच आहे, पण मला जास्त काळजी आहे ती त्याच्या वर काय झाकलंय याची. इतक्या वर्षांच्या, त्यातही मुंबईकडच्या दमट हवेतल्या स्लॅबमध्ये सळ्या गंजलेल्या असू शकतात. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. फॉल्स सीलिंगच्या वर हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तरी खाली कोणाला कळत नाही. पीओपी उतरलं की बॅटरी घेऊन स्लॅब इंच इंच बघा. तांबूस डाग, सरळ रेषेत गेलेली चीर, ठोकल्यावर पोकळ आवाज, यातलं काही सापडलं तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काही नाही सापडलं तर उत्तम. प्लास्टर नीट करून पांढरा रंग द्या आणि छत तसंच सोडा. नव्या फॉल्स सीलिंगची तुम्हाला काडीची गरज नाही. दहा फूट रुंदीच्या खोलीचं छत खाली आणलं की तिचा बोळ होतो.

स्लॅब उघडा झाला की सासूबाईंच्या झोपाळ्याचाही निकाल लागेल. त्या काळच्या बऱ्याच इमारतींमध्ये हॉलच्या स्लॅबला झोपाळ्याच्या कड्या ओततानाच बसवलेल्या असायच्या, आतल्या सळयांना अडकवून. पीओपीवाल्याने त्या कापल्या तरी असतील किंवा नुसत्या झाकल्या असतील. सापडल्या तर इंजिनिअरला दाखवा. त्याने हो म्हटलं तर झोपाळा टांगा आणि सासूबाईंना पहिला झोका घेऊ द्या. कड्या नसतील तर मात्र ‘ताई, चार बोल्ट मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. झोपाळ्याचा भार स्थिर नसतो. दर झोक्याला तो बोल्टला ओढतो, आणि चाळिशीकडे झुकलेल्या चार-पाच इंची स्लॅबमध्ये ड्रिलने मारलेला बोल्ट कधी सैल होईल याची हमी कोणीही देत नाही. अशा वेळी त्याच फळीला आणि त्याच पितळी कड्यांना लाकडी किंवा लोखंडी चौकट करून घ्या, जमिनीवर उभी राहणारी. जागा थोडी जास्त खाईल. पण कुठेही ठेवा, हॉलमध्ये घेतलेल्या बाल्कनीच्या भागात ठेवू नका. बाल्कनी ही भिंतीबाहेर काढलेली स्लॅब असते, तिच्याखाली आधार नसतो. तिथे झोपाळा नको, पुस्तकांचं भरलेलं कपाट नको आणि नव्या फरशीचा थर तर मुळीच नको. बाल्कनी बंद करण्याला महापालिकेची परवानगी होती का, हेही कागदपत्रांच्या फाइलमध्ये बघून ठेवा.

ओपन किचनबद्दल थोडक्यात सांगते, तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. ती भिंत नुसती विटांची असेल किंवा नसेल, ते बाहेरून ठोकून कळत नाही. तिच्यात कॉलम असू शकतो, वर बीम असू शकतो, स्वयंपाकघराचा माळा तिच्यावर टेकलेला असू शकतो. इंजिनिअरचा लेखी होकार आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही हातात नसताना तिला हात लावणं हा वेडेपणा आहे. आणि समजा दोन्ही मिळाले, तरी तुमच्याकडे रोज लसणीची फोडणी पडते का? मासे तळले जातात का? मग भिंत राहू द्या. हॉलचे पडदे तुम्हाला दुवा देतील.

पोपडे हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. ठेकेदाराने त्या भिंतीला पॅनेलिंग सुचवलंय, म्हणजे ओल झाकायची. ओल झाकली की ती पॅनेलमागे वाढते, बुरशी धरते आणि लाकडाला वाळवी बोलावते. दोन वर्षांनी भिंतही गेली आणि पॅनेलही गेलं. आधी ओल कुठून येतेय ते शोधा. एक सोपी चाचणी आहे. पोपडे खरवडा, स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी काढा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर भरउन्हाळ्यातही भिंतीच्या पोटात पाणी येतंय, म्हणजे एखादी पाइपलाइन किंवा शेजारची मोरी तपासायला हवी. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव असेल तर तो हवेतला दमटपणा, भिंतीचा दोष नाही. दोन्हीकडे कोरडं असेल तर तुमची ओल पावसाची. तुमचं घर कोपऱ्यावरचं आहे आणि पोपडे खिडकीखालीच आहेत, त्यामुळे मला हीच शक्यता जास्त वाटते. खिडकीच्या बाहेरच्या कठड्याला उतार आहे का बघा. पाण्याची बाटली ओतली तर पाणी बाहेर वाहायला हवं, आत येऊन साठायला नको. कठडा आणि भिंत यांच्या सांध्यात, ग्रिल जिथे भिंतीत घुसतं तिथे आणि बाल्कनीच्या जोडावर बारीक चिरा असतात. त्या बाहेरून भरून घ्या. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, हे उपविधींतच आहे. तेव्हा नम्रपणे पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एवढं करूनही त्या एका भिंतीला यंदा पुट्टी आणि भारी रंग लावू नका. खरवडून, नवं प्लास्टर करून, प्रायमरचा हात देऊन सोडून द्या. मुंबई-ठाण्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. चार महिने तिला भिजू द्या. कोरडी राहिली तर दसऱ्याला रंगवा, नाही राहिली तर कुठे चुकलं ते कळेल आणि रंगाचे पैसे वाचतील. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, काम चालू आहे. नव्या घरात ते सगळ्यांनाच पटतं.

आता फरशी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचणार आहेत.

मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून, दाबून, घासून केलेली टाइल. वरचा चिपांचा थर पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एका पॉलिशमध्ये त्यातला अगदी थोडा जातो. म्हणून ही फरशी आयुष्यात कितीतरी वेळा नवी होऊ शकते. तुमची पिवळी दिसतेय ती वर्षानुवर्षांच्या मेणामुळे, फिनाइलमुळे आणि पायांच्या तेलकटपणामुळे. फोटोत सोफ्याच्या पायाशी एक कोपरा स्वच्छ दिसतोय, त्यात काळ्या आणि विटकरी चिपा किती सुरेख आहेत ते बघा. गंमत म्हणजे शहरातली महागडी दुकानं आज हीच फरशी टेराझो या नावाने विकतात.

त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवल्या तर काय होईल? फरशी साधारण अर्धा इंच वर येईल. मुख्य दरवाजा आणि बेडरूमचे दरवाजे खालून कापावे लागतील, आत जाताना प्रत्येक खोलीच्या तोंडाशी एक ठेच लागेल, आणि ती बहुधा सासूबाईंनाच लागेल. वजनाचा हिशोबही करा. टाइल आणि खालचं चिकटवण धरून एका चौरस मीटरला तीसेक किलो तरी भरतात. तुमचा हॉल जवळपास सोळा चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे अर्धा टन. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी माणसं आणि सामान यांचा भार म्हणून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरायचा रिवाज आहे. त्यातला सहावा-सातवा हिस्सा तुम्ही सोफा आणायच्या आधीच खर्च करून बसणार, आणि तोही १९८८ च्या स्लॅबवर. जुनी फरशी उखडून नवी घातली तर हे टळतं, पण मग राडारोडा, खालच्यांच्या छताला बसणारे हादरे आणि दुप्पट मजुरी.

त्यापेक्षा मोझॅक पॉलिशवाला बोलवा. टाइल्सचं दुकान नव्हे, स्वतःचं मशिन घेऊन फिरणारा माणूस. काम असं चालतं. आधी फुटलेल्या टाइल्स बदलायच्या. तशाच टाइल्स आता बाजारात मिळणं कठीण, पण तुमच्या घरातच आहेत: बेडरूममध्ये भिंतीतल्या कपाटाखाली किंवा ओट्याखाली. तिथल्या चार चांगल्या काढून हॉलमध्ये लावायच्या आणि तिथे साधी फरशी टाकायची. मग पाणी सोडून मशिनने जाड दगडाचा पहिला हात. दगडांचे नंबर चढत जातात, नंबर मोठा तितका दगड बारीक. पहिल्या हातानंतर बारीक छिद्रं आणि सांधे उघडे पडतात. ते पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीला जुळणारा रंग कालवून भरतात आणि दोन-तीन दिवस मुरू देतात. हा टप्पा घाईत उरकला की सांधे पुढे काळे पडतात, तेव्हा पॉलिशवाला ‘आजच करून टाकू’ म्हणाला तरी ऐकू नका. मग बारीक दगडांचे हात आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर टाकून चकाकी. शोकेसखालची फरशी वेगळ्या रंगाची निघेल, घाबरू नका. पहिल्या हातातच ती बाकीच्यांत मिसळते.

दोन गोष्टींवर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. पॉलिशचा जो राखाडी चिखल निघतो तो मोरीत ओतू द्यायचा नाही. तो पाइपमध्ये बसून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि मग अख्ख्या लायनीतली माणसं तुमच्या दारात येतात. बादलीत गोळा करून, निथळवून गोणीत भरायचा. आणि पॉलिश झाल्यावर फरशी ॲसिडने पुसायची नाही, कधीच नाही. ॲसिड सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खातं. कोमट पाणी आणि थोडा साधा साबण पुरतो. या सगळ्याचा खर्च नव्या टाइल्सच्या मानाने खूपच कमी येतो. आणि मेमध्ये या फरशीवर अनवाणी चालून बघा, नंतर मला कळवा.

शोकेस काढलं की तुम्हाला खरा धक्का बसेल. ते दीड फूट खोल आहे. दहा फुटांचा हॉल त्यामुळे साडेआठ फुटांचा झालाय, आणि तुमचा जीव दडपतो तो मुख्यतः यामुळे. पैसे देऊन एवढी जागा डोंबिवलीत मिळत नाही, ही फुकट मिळतेय. सुताराला सांगा, तोडू नका, सांधे सोडवून उतरवा. आतला प्लाय ठोकून बघा. वाळवीच्या रेघा असतील तर सगळं घराबाहेर, एक फळीसुद्धा ठेवायची नाही. चांगला असेल तर माळ्यावरच्या फळ्यांना आणि बेडरूमच्या कपाटाला तोच वापरा. टीव्हीखाली एक बुटकं, लांब, पायांवर उभं असलेलं कपाट पुरतं. खालून केरसुणी फिरली पाहिजे, एवढीच अट. टीव्हीमागे काही नको. भिंत भिंतीसारखी दिसू द्या.

वायरिंगबद्दल मी हट्टी आहे. रंगाच्या आधी संपूर्ण हॉलची वायरिंग लायसन्सवाल्या वायरमनकडून तपासून घ्या. या वयाच्या घरांत बऱ्याचदा चिनी मातीचे फ्यूज असतात, अर्थिंग नावापुरतं असतं आणि मधल्या काळात कोणीतरी एसीची लाइन भलत्याच बोर्डातून ओढलेली असते. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, पॉवर पॉइंटला अडीच, एसीला चार आणि तीही वेगळ्या एमसीबीवर. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. घरात लहान मूल असेल किंवा यायचं असेल तर यात चालढकल नको. पॉइंट कुठे हवेत ते खडूने भिंतीवर काढा आणि दोन दिवस तिथे वावरून बघा: मोबाइल कुठे चार्ज होणार, सासूबाई कुठे बसून वाचणार, आकाशकंदिलाची वायर कुठून जाणार. त्यानंतरच खाचा मारायला सांगा.

दिवे बदलणं हा सगळ्यात स्वस्त कायापालट. निळे दिवे पीओपीबरोबर जातीलच. पण नवे घेताना खोक्यावरचा केल्विनचा (K) आकडा वाचा. ६५०० लिहिलेला दिवा दवाखान्यासारखा पांढरा पडतो, ३००० चा उबदार. बसण्याच्या जागी ३००० चे, आणि अभ्यासाला-शिवणाला एक ४००० चा. छताला मधोमध एकच ढणढणीत दिवा लावण्यापेक्षा भिंतीवर दोन आणि कोपऱ्यात एक उभा दिवा असू द्या.

लोखंडी खिडकी बदलायचं तर नावच काढू नका. स्लायडिंगमध्ये दोन झडपा एकमेकींवर सरकतात, म्हणजे कधीही अर्धीच खिडकी उघडी. तुमची आत्ताची पूर्ण उघडते. डोंबिवलीच्या मे महिन्यात यातला फरक तुम्हाला घामाने मोजता येईल. तिला घासून गंज काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, काचांभोवतीची जुनी वाळलेली लांबी (काच पक्की बसवायची पुट्टी) काढून नवी भरा, बिजागऱ्यांत तेल घाला आणि वरून ऑइल पेंट. डासांसाठी आतून लाकडी चौकटीची जाळी. फोटोतले मरून रंगाचे पडदे मात्र आजच काढून धुवायला टाका. हे वाचून झाल्यावर लगेच. काही खर्च न करता हॉल निम्मा उजळेल.

रंगाचं फार सांगत बसत नाही. नारिंगी टेक्स्चर घासून सपाट केल्याशिवाय वर काही लावू नका. नाहीतर सोनेरी रेघा गेल्या तरी त्यांचे उंचवटे तिरप्या उन्हात दिसत राहतात. खाली जुनं डिस्टेंपर सापडलं तर तेही पूर्ण खरवडायचं, डिस्टेंपरवर पुट्टी धरत नाही. सगळ्या भिंतींना एकच, किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा द्या. पावसाळ्यातल्या करड्या उजेडात निळसर पांढरा फार उदास दिसतो. वेगळ्या रंगाची एक भिंत, ज्याला फीचर वॉल म्हणतात, ती पुढच्या दहा वर्षांत तुम्हीच शिव्या घालत खरवडाल.

सोफ्याचं. एल आकाराचा सोफा आणण्याआधी जिन्याचं वळण टेपने मोजा. लिफ्ट नाही, दुसरा मजला, आणि त्या काळचे जिने अरुंद. दुकानातली माणसं ‘चढवू की’ म्हणतात आणि मग सोफा पहिल्या मजल्यावर अडकतो. शिवाय ते सोफे बुटके आणि खोल असतात. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर बैठकीची उंची सतरा-अठरा इंच हवी आणि हात टेकायला जागा हवी. एक साधा तीन जणांचा सोफा घ्या, आणि तुमच्या गावाकडे वेताच्या किंवा सागवानी खुर्च्या माळ्यावर पडल्या असतील तर त्या आणा. वेत नव्याने विणून मिळतो. झोपाळ्याशेजारी त्या शोभतील, आणि ‘कशालाही हात लावू नका’ म्हणणाऱ्या सासूबाईंचा आवाजही जरा मवाळ होईल.

तीन लाख पुरतील का? हॉलपुरतं पुरायला हवेत. क्रम असा ठेवा: इंजिनिअरची फी आणि पीओपी-शोकेस उतरवणं, मग वायरिंग, मग खिडकी आणि प्लास्टर, मग रंगाचे पहिले हात, मग फरशीचं पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी रंगाचा अखेरचा हात. पॉलिशचे शिंतोडे भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर उडतातच, म्हणून हा उलटसुलट क्रम. एकूण पैशांतला पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि तो आहे हे ठेकेदाराला सांगू नका. स्लॅबने किंवा भिंतीने तो मागितला नाही, तरच सोफ्याकडे वळा. ठेकेदाराला कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्या, आगाऊ निम्मे कधीच नाही. राडारोडा तो कुठे टाकणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. नाक्यावर टाकून गेला तर दंडाची पावती तुमच्या नावाने फाटू शकते.

आणि ब्रेकर लावण्याआधी खालच्या-वरच्या मजल्यांवर एक चक्कर मारा. दुपारी दोन ते चार आवाज करणार नाही असं स्वतःहून सांगा, आणि कोणाकडे दहावी-बारावी आहे का ते विचारा. असेल तर पेपर संपेपर्यंत शोकेस उतरवणं, खडूने पॉइंट काढणं, सेक्रेटरींना गाठणं ही आवाज नसलेली कामं उरकून घ्या.